पीआरवरची हिरवी टिक खरी आहे का? मर्जआधीचे चेक्स नीट कसे लावायचे

आमच्या एका प्रोजेक्टात सलग तीन आठवडे गिटहबवर प्रत्येक पीआरला (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करायची विनंती) चेक पास झाल्याची हिरवी टिक येत होती आणि त्याच तीन आठवड्यांत टेस्ट रोज फेल होत होत्या. सॉफ्टवेअर दूध संकलनाचं, म्हणजे डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) मोजतात, त्यावरून दर लागतो आणि दर दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल निघतं. एके दिवशी एका डेअरीच्या सेक्रेटरींचा फोन आला की साहेब तुमचं बिल आमच्या पावत्यांशी जुळत नाहीये, लिटरमागं १० पैसे कमी पडतायत. शोधलं तर दराच्या फंक्शनमध्ये कुणीतरी राउंडिंग बदललं होतं, ते पकडणारी टेस्ट होती, ती चालत होती, फेलही होत होती, लॉगमध्ये तसं लिहून येत होतं, आणि तरी टिक हिरवी.

कारण काय, तर एकानं (नाव नको, मीच तो) टेस्टचा आउटपुट फाईलमध्येही सेव्ह व्हावा म्हणून पायटेस्टच्या (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) कमांडपुढं पाइप टाकून टी लावलं होतं. शेल पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल धरतं, आणि टी बिचारं फाईल लिहून झाली की शून्य परत देतं, म्हणजे सगळं ठीक. पायटेस्ट मागं बोंबलतंय, ऐकतंय कोण. गिटहब ॲक्शन्सवर (कोड पुश झाला की चेक आपोआप चालवणारी गिटहबची सोय) तुम्ही शेल कुठलं ते लिहिलं नाही तर लिनक्सवर बॅशच चालतं पण त्यात पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर सगळंच फेल धरणारी सेटिंग) लागलेलं नसतं, आणि शेल या कीपुढं बॅश असं स्वतःच्या हातानं लिहिलंत तर मात्र लागतं. एका ओळीचा फरक आणि आमचा अख्खा दहा दिवसांचा हिशोब परत.

तेव्हापासून माझं एकच टुमणं आहे: चेक लावणं अर्ध्या तासाचं काम आहे, पण तो लाल होऊ शकतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो लागलाय असं धरू नका. खाली सगळं गिटहब ॲक्शन्स आणि पायथन धरून लिहितोय कारण रोजचा हात त्यावरच आहे, गिटलॅबवाल्यांसाठी मध्ये एखादं वाक्य टाकतो. कीवर्ड इथं देवनागरीत आहेत, फाईलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

आधी प्लॅन बघा

हे कुणी सांगत नाही आणि मग लोक दोन तास सेटिंग शोधत बसतात. गिटहबच्या फ्री प्लॅनवर पब्लिक रिपोला ब्रांच प्रोटेक्शन (अटी पूर्ण झाल्याशिवाय मर्ज न होऊ देणारी सेटिंग) मिळतं, प्रायव्हेट रिपोला नाही. म्हणजे प्रायव्हेट रिपोत चेक चालतील, लाल-हिरवं दिसेल, पण लाल असतानाही मर्जचं बटण दाबता येईल, अडवणारं कुणी नाही. त्यासाठी प्रो किंवा टीम प्लॅन लागतो. गिटलॅबवर पाइपलाइन पास झाल्याशिवाय मर्ज नको ही सेटिंग फ्रीमध्ये पण आहे, मात्र तिथं चेक चालवायला मिळणारी फुकट मिनिटं कमी, महिन्याला ४००.

मिनिटांचं गणित पण आताच करून घ्या. गिटहब फ्रीवर प्रायव्हेट रिपोसाठी महिन्याला २००० मिनिटं मिळतात. तुमचा चेक ८ मिनिटं घेतो आणि दिवसाला १२ पुश होतात असं धरलं तर रोजची ९६ मिनिटं गेली, म्हणजे एकविसाव्या दिवशी खडखडाट. आणि प्रत्येक जॉबचं मिनिट वरच्या पूर्ण आकड्याला धरतात, त्यामुळं दहा-दहा सेकंदांचे सहा जॉब वेगळे काढले तर एक मिनिट नाही, सहा मिनिटं कापली जातात. छान दिसतं म्हणून जॉबचे तुकडे करू नका.

जे सर्व्हरवर चालणार ते लॅपटॉपवर एका कमांडमध्ये चाललं पाहिजे

वर्कफ्लोची फाईल (कधी आणि काय चालवायचं ते गिटहबला सांगणारी) लिहायच्या आधी रिपोत एक स्क्रिप्ट बनवा, नाव काहीही, आमच्याकडं चेक डॉट एसएच आहे. त्यात तीन गोष्टी: रफ या टूलनं लिंट (कोडमधल्या ढोबळ चुका) आणि फॉरमॅट तपासणं, टाइप चेक असेल तर तो, आणि पायटेस्ट. वर पहिल्याच ओळीत सेट वजा ई, यू, ओ पाइपफेल. वर्कफ्लोमध्ये फक्त ही स्क्रिप्ट बोलवायची. फायदा असा की कुणाचा चेक लाल झाला की तो पोरगा लॅपटॉपवर तीच कमांड मारून तेच एरर बघू शकतो, नाहीतर मग "माझ्याकडं चालतंय" सुरू होतं आणि लोक कॉमा बदलून बदलून वीस कमिट पुश करतात, नुसतं सर्व्हरला विचारायला.

फॉरमॅटच्या बाबतीत एक काळजी घ्या, चेकनं फक्त तपासायचं, दुरुस्त करायचं नाही. रफच्या फॉरमॅटला चेक असा फ्लॅग आहे तो लावा. तो विसरलात तर रनरवर (चेक चालतो ते तात्पुरतं मशीन) कोड फॉरमॅट होतो, कमांड पास होते, रनर पुसला जातो आणि रिपोतला कोड होता तसाच गबाळा राहतो. टिक हिरवी! दुरुस्ती प्री-कमिट हुकमध्ये (कमिटआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) करा, लॅपटॉपवर, पण हुकवर भिस्त ठेवू नका, नो-व्हेरिफाय लावून कुणीही तो टाळू शकतो.

वर्कफ्लो फाईल

रिपोत डॉट गिटहब नावाचा फोल्डर, त्यात वर्कफ्लोज, त्यात चेक्स डॉट वायएमएल. सगळ्यात वर नेम, मग ऑन. ऑनमध्ये तीन इव्हेंट टाका: पुल रिक्वेस्ट (मध्ये अंडरस्कोर), पुश पण फक्त मेन ब्रांचसाठी, आणि मर्ज ग्रुप (यातही अंडरस्कोर). तिसरा आज लागणार नसला तरी टाकून ठेवा, का ते खाली येतंय.

पुल रिक्वेस्ट इव्हेंटची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. हा चेक तुमच्या ब्रांचच्या शेवटच्या कमिटवर चालत नाही, तुमची ब्रांच आणि मेन तात्पुरती मर्ज करून जो कमिट बनतो त्यावर चालतो. म्हणून कधीकधी लॅपटॉपवर पास आणि तिथं फेल, कारण मेनमध्ये दरम्यान काहीतरी आलेलं असतं. आणि पीआरमध्ये कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळी दोन्हीकडं वेगळ्या बदललेल्या) असेल तर तो तात्पुरता मर्ज बनतच नाही, त्यामुळं वर्कफ्लो सुरूच होत नाही. लोक बसतात रिफ्रेश मारत की चेक का येत नाहीयेत. आधी कॉन्फ्लिक्ट काढा.

ऑननंतर परमिशन्स, त्यात कंटेंट्सला फक्त रीड. चेकला लिहायची परवानगी कशाला हवी? मग कॉन्करन्सी: ग्रुपमध्ये वर्कफ्लोचं नाव आणि रेफ (ब्रांच किंवा पीआरची ओळख) जोडून टाका आणि कॅन्सल-इन-प्रोग्रेस ट्रू करा, म्हणजे एकाच पीआरवर कुणी पाठोपाठ तीन पुश केले तर जुने दोन रन आपोआप रद्द, मिनिटं वाचतात. मेन ब्रांचवर मात्र रद्द करू नका, तिथं प्रत्येक कमिटचा निकाल नोंदलेला असावा, नाहीतर कुठल्या कमिटनं मोडलं ते शोधताना मधला नेमका हवा तोच रन रद्द झालेला सापडतो.

जॉबमध्ये रन्स-ऑनला उबुंटू-लेटेस्ट न लिहिता उबुंटू-२४.०४ असा आकडा लिहा, लेटेस्ट एक दिवस बदलतं आणि तुम्ही काही न करता चेक लाल होतो. टाइमआउट-मिनिट्स १५ लिहा. हे लिहिलं नाही तर डिफॉल्ट ३६० मिनिटं आहे, एखादी टेस्ट अडकली की सहा तास मीटर पळतंय. आमचं एकदा डेटाबेसच्या कनेक्शनची वाट बघत असं अडकलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी, दोन पीआर, सकाळी ७२० मिनिटं गायब.

स्टेप्समध्ये चेकआउट, मग सेटअप-पायथन, त्यात कॅशला पिप. इथं व्हर्जनचा आकडा कोटमध्ये लिहा, हात जोडून सांगतो. ३.१० असं नुसतं लिहिलं तर वायएमएल त्याला दशांश आकडा समजतं आणि त्याचं ३.१ करून टाकतं, मग एरर येतो की पायथन ३.१ मिळत नाही आणि माणूस चक्रावतो की मी कुठं ३.१ मागितलंय. त्यानंतर डिपेंडन्सी इन्स्टॉल, लॉक फाईलवरूनच (नोडवाल्यांनी एनपीएम इन्स्टॉल नाही, एनपीएम सीआय), आणि शेवटी ती चेक डॉट एसएच.

टेस्ट चालते त्या स्टेपवर कंटिन्यू-ऑन-एरर नको आणि कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा देऊन ट्रू असलं काही नको. हे दोन आणि वरचा पाइप, खोट्या हिरव्याची मला भेटलेली बहुतेक सगळी प्रकरणं या तिघांपैकीच. जुना प्रोजेक्ट हातात आला की मी आधी वर्कफ्लोच्या फोल्डरमध्ये हे तीन शोधतो. सापडतात.

नाका: एकच जॉब, सगळे त्यातून जाणार

आता खरी गोष्ट. गिटहबवर कुठला चेक मर्जसाठी सक्तीचा हे जॉबच्या नावावरून ठरतं. समजा तुम्ही मॅट्रिक्स लावून पायथन ३.११ आणि ३.१२ वर टेस्ट चालवता, तर नावं होतात टेस्ट कंसात ३.११, टेस्ट कंसात ३.१२. दोन्ही सक्तीची केली. सहा महिन्यांनी ३.११ काढून ३.१३ घातलं, आणि सगळ्या पीआर अडकल्या, कारण सेटिंग अजून ३.११ च्या चेकची वाट बघतंय जो आता कधीच येणार नाही. आणि नवा ३.१३ फेल झाला तरी मर्ज होतंय कारण तो सक्तीच्या यादीत कुणी घातलाच नाही.

म्हणून शेवटी एक छोटा जॉब ठेवायचा, आम्ही त्याचं नाव नाका ठेवलंय. त्याच्या नीड्समध्ये (हा जॉब कुणाकुणासाठी थांबणार ती यादी) बाकी सगळ्या जॉबची नावं. सेटिंगमध्ये सक्तीचा फक्त हा एक. आत मॅट्रिक्स बदला, जॉब वाढवा, सेटिंगला हात लावायची गरज नाही, नीड्समध्ये नाव घातलं की झालं.

पण इथंच मोठा खड्डा आहे आणि यात मी दोन वेगवेगळ्या टीमला पडताना बघितलंय. नीड्समधला एखादा जॉब फेल झाला की नाका चालतच नाही, तो स्किप होतो. आणि इफच्या अटीमुळं किंवा नीड्समुळं स्किप झालेला जॉब गिटहब सक्तीच्या चेकसाठी पास धरतं. म्हणजे टेस्ट फेल, नाका स्किप, मर्जचं बटण चालू. पहारेकरी झोपला म्हणून दार उघडं, असा प्रकार.

उपाय असा: नाक्याच्या जॉबवर इफ लावा आणि त्यात ऑलवेज, म्हणजे मागं काहीही झालं तरी हा चालणारच. आणि मग त्याच्या एकमेव स्टेपमध्ये नीड्सचे निकाल स्वतः तपासा. एक्स्प्रेशनमध्ये नीड्स डॉट स्टार डॉट रिझल्ट अशी सगळ्या निकालांची यादी मिळते, त्यात कंटेन्स वापरून फेल्युअर किंवा कॅन्सल्ड आहे का बघायचं, असेल तर एक्झिट १, म्हणजे फेल. नुसतं ऑलवेज लावून आत इको ओके लिहिलेलं पण मी बघितलंय, तो नाका कुणालाच अडवत नाही. कॅन्सल्ड विसरू नका, टाइमआउट झालेला किंवा कुणी हातानं थांबवलेला रन पास नाही.

स्किप्ड जॉबचं काय करायचं हा प्रश्न तुमच्यावर. आमच्याकडं फक्त डॉक्युमेंटेशन बदललं असेल तर टेस्टचा जॉब मुद्दाम स्किप होतो, म्हणून आम्ही स्किप्ड चालवून घेतो. मुद्दाम स्किप करणारं काही नसेल तर सक्सेस सोडून बाकी सगळं फेल असंच लिहा, तेच जास्त सुरक्षित.

सेटिंगमध्ये सक्ती लावणं

रिपोच्या सेटिंग्जमध्ये जा, डावीकडं रूल्स, त्यात रूलसेट्स, नवीन ब्रांच रूलसेट. जुनी ब्रांच प्रोटेक्शनची पद्धत पण अजून आहे, चालते, पण नवीन लावणार असाल तर रूलसेटच लावा. टार्गेटमध्ये डिफॉल्ट ब्रांच. एन्फोर्समेंट स्टेटस ॲक्टिव्ह आहे ना ते सेव्ह करताना परत एकदा बघा, सगळं भरून डिसेबल्ड ठेवून निघून गेलेले लोक आहेत. मग पीआरशिवाय मर्ज नको, किमान एक अप्रूव्हल, नवीन पुश आला की जुनं अप्रूव्हल रद्द (हे नक्की लावा, अप्रूव्ह झाल्यावर "फक्त एक छोटा चेंज" करणारे सगळीकडं असतात), आणि रिक्वायर्ड स्टेटस चेक्समध्ये नाका.

जुन्या ब्रांच प्रोटेक्शनच्या पानावर चेकचं नाव यादीत दिसत नसेल तर घाबरू नका, गेल्या ७ दिवसांत तो त्या रिपोत चाललेला असावा लागतो, म्हणून आधी वर्कफ्लो मर्ज करा, एखादी पीआर उघडून चालवा, मग सेटिंगमध्ये या. नाव निवडताना सोर्स गिटहब ॲक्शन्स असा ठरवून द्या, नाहीतर स्टेटस लिहायची परवानगी असलेलं कुठलंही ॲप त्याच नावानं हिरवं पाठवू शकतं. आणि दोन वेगळ्या वर्कफ्लोंमध्ये एकाच नावाचे जॉब ठेवू नका, कुठला धरायचा यात गोंधळ होतो.

ॲडमिनचं काय? ब्रांच प्रोटेक्शनमध्ये ॲडमिनला डिफॉल्ट सूट असते, बायपास करू देऊ नका असा एक चौकोन खालच्या बाजूला आहे तो टिक करावा लागतो. रूलसेटमध्ये उलट, बायपास लिस्टमध्ये नाव घातल्याशिवाय कुणालाच सूट नाही. आम्ही तिथं एकच माणूस ठेवलाय आणि तोही फक्त पीआरमधून बायपास करू शकेल असा, थेट पुश त्यालाही नाही. रात्री सर्व्हर पडला की हे लागतं, लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी प्रोडक्शन बघितलेलं नसतं.

अजून एक भोक. पुल रिक्वेस्ट इव्हेंटवर वर्कफ्लोची फाईल पीआरमधलीच वापरली जाते. म्हणजे पीआर काढणारा त्याच पीआरमध्ये नाक्यातली तपासणी काढून टाकू शकतो, आणि त्याचीच पीआर हिरवी. मुद्दाम कोण करतं, पण चुकून होतं. म्हणून कोडओनर्स फाईलमध्ये डॉट गिटहब फोल्डरवर एक-दोन जाणत्या लोकांची नावं घाला आणि रूलसेटमध्ये कोडओनरचं अप्रूव्हल सक्तीचं करा.

चेक येतच नाही, नुसतं वाट बघतंय

पिवळा ठिपका, खाली लिहिलंय की निकालाची वाट बघतोय, आणि ॲक्शन्सच्या टॅबमध्ये काहीच चालू नाही. नव्वद टक्के वेळा पाथ फिल्टर असतो. ऑनमध्ये पाथ्स टाकून "फक्त सोर्स फोल्डर बदलला तरच चालव" असं लिहिलं की रीडमीच्या पीआरवर अख्खा वर्कफ्लो सुरूच होत नाही, आणि सुरू न झालेल्या वर्कफ्लोचा चेक कायम पेंडिंग राहतो. वरचा फरक लक्षात आला का, जॉब स्किप झाला तर पास, वर्कफ्लोच स्किप झाला तर पेंडिंग. विचित्र आहे पण असंच आहे. त्यामुळं सक्तीच्या वर्कफ्लोला वर पाथ फिल्टर लावायचा नाही, आत पहिला जॉब काय बदललं ते बघेल आणि पुढच्या जॉबवर इफ.

काय बदललं ते बघायला लोक तयार ॲक्शन वापरतात. मार्च २०२५ मध्ये यातलीच एक फार वापरली जाणारी, टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड-फाइल्स, कुणीतरी फोडली, तिचे जुने टॅग एका खराब कमिटकडं वळवले आणि ज्या ज्या रिपोत ती चालली तिथली सीक्रेट्स (पासवर्ड, किल्ल्या वगैरे) लॉगमध्ये छापली गेली. २३ हजारांहून जास्त रिपो ती वापरत होते. टॅग हलवता येतो, कमिटचा हॅश हलवता येत नाही, म्हणून बाहेरच्या ॲक्शनपुढं व्ही-४ वगैरे न लिहिता पूर्ण ४० अक्षरांचा हॅश लिहा आणि बाजूला कमेंटमध्ये व्हर्जन. अपडेट गिटहबचा डिपेंडाबॉट नावाचा बॉट करून देतो. आम्ही तर गिट डिफच्या तीन ओळी स्वतःच लिहिल्या, तेवढ्यासाठी पाहुणा कशाला घरात घ्या.

पेंडिंगची दुसरी कारणं: कमिट मेसेजमध्ये कुणी स्किप सीआय चौकटी कंसात लिहिलेलं असतं. किंवा फॉरमॅट करणारा बॉट वर्कफ्लोमधून कमिट पुश करतो, आणि वर्कफ्लोच्या स्वतःच्या गिटहब टोकननं केलेल्या पुशवर नवीन वर्कफ्लो सुरू होत नाही (नाहीतर एक दुसऱ्याला चालवत अनंतकाळ फिरत राहिले असते), त्यामुळं त्या शेवटच्या कमिटला चेकच नाही. बॉटला वेगळं गिटहब ॲप करून द्या किंवा बॉटच काढा.

दोन हिरव्या मिळून एक लाल

एका पीआरमध्ये दराच्या फंक्शनला गाय की म्हैस असा नवीन पॅरामीटर सक्तीचा केला, जिथं जिथं ते बोलवलं होतं तिथं दुरुस्त केलं, टेस्ट पास. त्याच दिवशी दुसऱ्या पीआरमध्ये नवीन रिपोर्ट आला जो ते फंक्शन जुन्या पद्धतीनं बोलवतो, त्याच्याही टेस्ट पास. फाईली वेगळ्या, गिटला कॉन्फ्लिक्ट दिसत नाही. दोन्ही मर्ज, मेन मोडलं.

छोट्या टीमला यावर सोपा उपाय आहे, रूलसेटमध्ये मर्जआधी ब्रांच मेनशी अपडेट असलीच पाहिजे हा चौकोन. त्रास असा की पाच पीआर तयार असतील तर एक मर्ज झाली की बाकी चार जुन्या होतात, परत अपडेट, परत ८ मिनिटं, आणि लोक रांगेत भांडतात की आधी माझी. चार-पाच जणांपर्यंत चालतं. त्यापुढं मर्ज क्यू: बटण दाबलं की पीआर रांगेत जाते, गिटहब मेन अधिक पुढच्या पीआर अधिक तुमची असं मिळून तात्पुरती ब्रांच बनवतं, त्यावर चेक चालवतं, पास झालं तरच मेनमध्ये. वर मर्ज ग्रुप इव्हेंट टाकायला सांगितलं ते यासाठी, तो नसेल तर रांगेतल्या ब्रांचवर चेक सुरूच होत नाहीत आणि पीआर वाट बघून रांगेतून बाहेर फेकली जाते. क्यू ऑर्गनायझेशनच्या पब्लिक रिपोला मिळतो, प्रायव्हेटला एंटरप्राइझ क्लाउड लागतं. गिटलॅबवर याला मर्ज ट्रेन म्हणतात, प्रीमियममध्ये.

गिटहबनं हा क्यू २०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, पण कल्पना बरीच जुनी. रस्ट लँग्वेजच्या रिपोत बॉर्स नावाचा बॉट कित्येक वर्षं हेच करतोय, रिव्ह्यूवाला बॉटला सांगतो, बॉट मेनशी जोडून टेस्ट चालवतो, पास झालं तर बॉटच मेन पुढं सरकवतो, माणसाचा हात नाही. त्या मागचा नियम रस्ट सुरू करणाऱ्या ग्रेडन होअरनं लिहून ठेवलाय की मेन ब्रांच कायम टेस्ट पास होणारीच ठेवायची आणि ती मशीननं ठेवायची.

बाहेरच्या लोकांच्या पीआर

रिपो पब्लिक असेल तरच हे वाचा. फोर्कमधून (बाहेरच्यानं काढलेली रिपोची स्वतःची प्रत) आलेल्या पीआरला सीक्रेट्स मिळत नाहीत आणि टोकन फक्त वाचण्यापुरतं असतं, हे मुद्दाम तसं आहे. यामुळं एखादा चेक फेल झाला की लोक पुल रिक्वेस्ट टार्गेट नावाचा दुसरा इव्हेंट लावतात, त्यात सीक्रेट्स मिळतात, आणि मग त्यातच पीआरमधला कोड चेकआउट करून चालवतात. म्हणजे अनोळखी माणसाला घरात बोलावून तिजोरीच्या किल्ल्या हातात दिल्यासारखं. तो इव्हेंट लेबल लावणं, कमेंट टाकणं एवढ्यापुरता ठीक, पीआरमधला कोड त्यात कधीच चालवायचा नाही. टेस्टला सीक्रेट लागतच असेल तर टेस्टच बदला.

रात्री फेल, सकाळी पास

फ्लेकी टेस्ट, म्हणजे कोड तोच असताना कधी पास कधी फेल होणारी, ही चेकला लागलेली वाळवी. दोनदा री-रन मारून हिरवं झालं की लोकांना सवय लागते, लाल दिसलं की वाचायचं नाही, परत चालवायचं.

आमच्या बिलाच्या एका टेस्टचं असंच होतं. दिवसभर पास, मध्यरात्रीनंतर कुणी पुश केलं की फेल, सकाळी री-रन केलं की पास. आम्ही गंमतीत तिला हडळ म्हणायचो. मग एकदा बसून फेल झालेल्या रनच्या वेळा लिहून काढल्या तर सगळ्या रात्री १२ ते पहाटे साडेपाचच्या मधल्या. साडेपाच दिसल्यावर ट्यूब पेटली. रनरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. कोड आजची तारीख कोलकाता टाइमझोननं काढत होता, टेस्ट सिस्टिमच्या तारखेशी जुळवत होती. लॅपटॉपवर दोन्ही एकच, पण रनरवर आपल्याकडं ११ तारीख लागलेली असताना साडेपाच तास अजून १० तारीखच असते. आणि आमची बिलं १ ते १०, ११ ते २० अशी निघतात, म्हणजे हा नुसता टेस्टचा लफडा नव्हता, पहाटेच्या संकलनाची पहिली नोंद खरंच मागच्या बिलात गेली असती, कारण आमचा सर्व्हरही यूटीसीवरच होता आणि कोडमध्ये दुसऱ्या एका जागी सिस्टिमचीच तारीख वापरलेली सापडली. री-रन मारत बसलो असतो तर परत सेक्रेटरींचा फोन.

म्हणून सगळ्या टेस्टना आपोआप रीट्राय लावू नका. फेल झालेली टेस्ट खरंच अधूनमधून फेल होतेय असं दिसलं तर मार्क लावून सक्तीच्या चेकमधून बाहेर काढा, रात्रीच्या वेगळ्या रनमध्ये टाका आणि कुणाच्या तरी नावावर करा. रात्रीच्या रनचं क्रॉनपण (वेळापत्रक) डिफॉल्ट यूटीसीतच धरतात हां, आपल्या रात्री दोनला चालवायचं तर तिथं २०:३०.

आता मुद्दाम मोडा

सगळं लागलं की एक ब्रांच काढा आणि एक टेस्ट मुद्दाम चुकवा, ३.५ फॅट ८.५ एसएनएफचा दर काहीतरी भलताच लिहा. पीआर उघडा. नाका लाल झाला पाहिजे, स्किप्ड नाही, लाल. मर्जचं बटण बंद पाहिजे, आणि हे ॲडमिनच्या अकाउंटवरून पण बघा. मग टेस्ट नीट करून फक्त फॉरमॅट बिघडवा, परत लाल. मग ते नीट करून रन मध्येच हातानं कॅन्सल करा, तरी बटण बंद राहिलं पाहिजे. शेवटी फक्त रीडमी बदललेली वेगळी पीआर, ती पेंडिंगवर न अडकता हिरवी झाली पाहिजे. चारही जमलं तर चेक लागला.

हे आम्ही वर्कफ्लोच्या फाईलला हात लागला की दर वेळी करतो, अर्धा तास जातो. पीआरचं टायटल ठरलेलं आहे, "मर्ज करू नका, नाका तपासतोय". मागच्या महिन्यात नवीन आलेल्या एका पोरानं ती दोन मिनिटांत अप्रूव्ह केली होती, खाली अंगठा टाकून.